सिक्स्टेनचा त्याग

"आजपासून मी तो फोन वापरणार नाही," दारातच बूट काढता काढता सिक्स्टेनने जाहीर केले.

मायकेन स्वयंपाकघरात टोमॅटोचे बी कागदी पेल्यांत पेरत होती. मार्चमधला रविवार होता. तळ्यावर अजून हातभर जाड बर्फ होता आणि सिक्स्टेन सकाळपासून तिथे बर्फाला भोक पाडून मासे धरत बसला होता. तिने मान वर न करताच विचारले, "का? बिघडला?"

"फोन नाही बिघडला. मी सुधारलो."

हे वाक्य तो तळ्यापासून घरापर्यंत घोळवत आला असणार, हे मायकेनने ओळखले. बत्तीस वर्षे शाळेत सुतारकाम शिकवलेल्या माणसाला समोर सतत वर्ग लागतो. सिक्स्टेनला निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती आणि वर्गात आता ती एकटीच उरली होती.

"मग फोन आहे कुठे?"

"जुन्या विजेच्या वस्तू टाकतात ना, तिथे दिला टाकून. येता येता."

"आज रविवारी? ते तर बंद असतं."

"बाहेर पेटी असते गं. तुला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायलाच हवं का? इथे माणूस आयुष्य बदलतोय आणि तू वेळापत्रक सांगतेस."

मायकेन हात पुसून उठली. त्याचा कोट खुंटीला लावताना तिच्या लक्षात आले, की उजवी बाही पार खांद्यापर्यंत चिंब भिजली आहे. पण बर्फावर गेलेला माणूस भिजणारच, असे म्हणून तिने तो सुकायला टाकला आणि पुन्हा पेल्यांकडे वळली. यंदा तिने अडतीस पेले पेरले होते. खिडक्यांच्या कट्ट्यांवर एवढे मावणार नाहीत हे तिला ठाऊक होते, पण यंदाची गोष्ट वेगळी होती. यंदा बाग मिळणार होती.

गावाबाहेर टेकडीच्या उतारावर बागवाल्यांच्या मंडळाचे साठ तुकडे होते. प्रत्येकावर एक चिमुकली लाकडी खोली, पुढे वाफे, आणि नशीब असेल तर एक काचघर. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला स्वतःची माती मिळायची गावात तेवढी एकच जागा होती. त्यासाठी रांग होती आणि रांगेत त्यांचे नाव लागून अकरा वर्षे होत आली होती. आता पहिला नंबर त्यांचा होता. मायकेन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत असे, रोज तीनशे मुलांसाठी बटाटे उकडत असे आणि उकडता उकडता मनातल्या मनात त्या उतारावर फिरत असे. बासष्टाव्या वर्षी तिला आयुष्याकडून आणखी काहीच नको होते.

फक्त रांगेतले नाव सिक्स्टेनचे होते. अकरा वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या गारठ्यात अर्ज भरायला दोन तास उभी राहिली होती ती. टेबलापाशी तिचा नंबर आला नेमका तेव्हा सिक्स्टेन हातात सॉसेज घेऊन, मित्राला, म्हणजे बॉर्येला, बरोबर घेऊन हजर झाला. "दे इकडे, माझं अक्षर चांगलं आहे," असे म्हणून त्याने तिच्या हातातले पेन घेतले आणि एका घराला एकच अर्ज असल्यामुळे अर्जावर स्वतःचे नाव लिहिले. मागोमाग बॉर्येनेही आलोच आहे तर म्हणून आपले नाव खाली घातले. तेव्हा मायकेनला त्यात काही वावगे वाटले नव्हते. घर एकच होते.

सोमवारी सिक्स्टेन जुन्याच नंबरावर बटणांचा साधा फोन घेऊन आला. त्यावरून बोलता येत होते आणि चार ओळींचा निरोप वाचता येत होता. तो खिशात टाकून सिक्स्टेन सुखाने सोफ्यावर बसला आणि खिडकीबाहेर पक्षी बघू लागला.

बुधवारी इमारतीच्या कपडे धुण्याच्या खोलीची पाळी लावायची होती. पाळी ॲपवर लागायची आणि खोलीचे दारसुद्धा फोन दाखवला की उघडायचे. ते काम आजवर सिक्स्टेनचे होते. "तुझ्या फोनवर घेऊन टाक ना," सिक्स्टेन म्हणाला, "तुझ्या फोनवर जागा आहे." गुरुवारी दंतवैद्याची वेळ आली, ती तिच्या फोनवर गेली. मग त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, वाचनालयातली राखून ठेवलेली पुस्तके, बसची तिकिटे. तिकीट तिच्या फोनवर असल्यामुळे सिक्स्टेनला बसमध्ये तिच्याजवळच उभे राहावे लागे. तपासनीस आला, की ती आधी स्वतःचे तिकीट दाखवी, मग बोटाने सरकवून त्याचे दाखवी आणि सिक्स्टेन शेजारी उभा राहून तपासनिसाला सांगे, "मी फोन सोडला, बरं का!"

सगळ्यांत वाईट ठरले पुरुषांचे गायक मंडळ. त्यांच्या गटात पंचवीस म्हातारे दिवसभर निरोप टाकत असत. आता ते सगळे मायकेनच्या खिशात वाजू लागले. बटाट्यांच्या वाफेत उभी राहून ती उत्तर देई, 'सिक्स्टेन येतोय. थर्मास तोच आणतोय.' संध्याकाळी घरी जाऊन थर्मास तीच भरी. एकदा तिने मोजले, दिवसभरात तिचा फोन एकसष्ट वेळा वाजला होता आणि त्यातल्या चोपन्न वेळा सिक्स्टेनसाठी.

"किती शांत वाटतं गं आता," सिक्स्टेन म्हणे, "तुला नाही वाटत?"

एप्रिलच्या सुरुवातीला गावच्या वर्तमानपत्राची वार्ताहर आली. तिला सिक्स्टेनशी बोलायचे होते, म्हणून तिने अर्थातच मायकेनला निरोप टाकला, वेळ मायकेनने ठरवली, वेलदोड्याचे पाव मायकेनने भाजले. फोटो काढताना ती मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही जरा बाजूला व्हाल का? म्हणजे, तुमच्या हातात फोन आहे ना, तो दिसतोय."

"गायक मंडळाचा निरोप आहे," मायकेन म्हणाली, "ह्याच्यासाठीच."

"हो, पण फोटोत तसं कळणार नाही ना."

मायकेन बाजूला झाली. शनिवारी लेख छापून आला. खिडकीत बसलेला सिक्स्टेन, हातात लाकडी पक्षी, डोळे दूर कुठेतरी लागलेले. मुलाखतीत एक प्रश्न होता, घरचे लोक काय म्हणतात? त्यावर सिक्स्टेनने सांगितले होते, 'बायको अजून अडकलेली आहे. सतत स्क्रीनवर. पण मी तिच्यावर जबरदस्ती करत नाही. प्रत्येकाने आपल्या गतीने सुटायचं असतं.'

हे मायकेनने फोनवरच वाचले, कारण लेख गायक मंडळाच्या गटात टाकायला सिक्स्टेनने तिला सांगितले होते. पंचवीस म्हाताऱ्यांनी टाळ्या पाठवल्या. एकाने लिहिले, 'मायकेनला धीर दे.' तिने तो निरोप सिक्स्टेनला वाचून दाखवला. त्याने मान डोलावली.

पंधरा दिवसांनी, एका बुधवारी दुपारी, दुकानात लोणच्याच्या बाटल्यांपाशी मायकेनला बागांच्या मंडळाची अध्यक्षीण सीव भेटली. सीवकडे बागवाल्यांच्या कुंपणाची उंची मोजायची स्वतःची काठी होती. ती काठी ती दुकानात आणत नसे, पण तिच्या बोलण्यात ती असायचीच.

"काय गं, सत्तेचाळीस नंबर घेणार आहात की नाही?" सीवने विचारले. "दोन दिवस उरले. तुमचं काही उत्तर नाही."

मायकेनच्या हातून बाटली सुटता सुटता राहिली. "सत्तेचाळीस? काचघरवाला?"

"तोच. सोमवारी पाठवलाय निरोप सिक्स्टेनच्या नंबरवर. शुक्रवारी बारापर्यंत मुदत. पाच दिवस म्हणजे पाच दिवस."

सत्तेचाळीस नंबर! दक्षिणेकडे तोंड, वर एक जुने सफरचंदाचे झाड, काचघराची एकच काच फुटकी. मायकेनने तो कुंपणाबाहेरून इतक्यांदा बघितला होता, की डोळे मिटून तिने त्यातल्या वाफ्यांची लांबी सांगितली असती. ती खरेदी तिथेच टाकून घरी धावली.

"सोमवारी तुला निरोप आला होता?"

सिक्स्टेन पक्ष्यांची वही लिहीत होता. "आला होता एक. 'अभिनंदन, तुमचा नंबर लागला, खालची लिंक उघडा.' असल्या लबाडांना मी ओळखून आहे. ताबडतोब उडवला." तो अभिमानाने हसला. "शिवाय ह्या फोनवर लिंक उघडतच नाही. फसवूच शकत नाही मला कुणी!"

"सिक्स्टेन, ती बाग होती."

त्याने पेन खाली ठेवले. क्षणभर त्याचा चेहरा उतरला, हे मायकेनने पाहिले आणि तिला बरे वाटले. पण क्षणभरच.

"मग फोन कर सीवला आणि सांग हो म्हणून."

सीव फोनवर म्हणाली, तोंडी होकार चालत नाही. होकार डिजिटल सहीनेच द्यायचा आणि सही रांगेत ज्याचे नाव आहे त्याचीच. ती सही करायचे ॲप सिक्स्टेनच्या जुन्या फोनवर होते. "मग बायकोची सही?" मायकेनने विचारले. "तुझं नाव कुठाय अर्जावर?" सीव म्हणाली. "अपवाद म्हणून अर्ज करता येईल. त्याचा फॉर्म वेबसाइटवर आहे. भरून डिजिटल सही करा."

गुरुवारी मायकेनने सुट्टी टाकली आणि सिक्स्टेनला घेऊन तालुक्याच्या गावी बँकेत गेली. पन्नास मिनिटे बस, दोन्ही तिकिटे तिच्या फोनवर. तिचा बेत सरळ होता. वाटेत एक स्वस्तातला फोन घ्यायचा, बँकेकडून त्यावर ओळखीचे ॲप नव्याने सुरू करून घ्यायचे, सही करायची. मग तो फोन त्याने हवा तर जाळावा.

"तत्त्वाचं काय?" बसमध्ये सिक्स्टेन म्हणाला. "लेख छापून आलाय माझा."

"एका दिवसापुरतं तत्त्व मी धरते. माझ्या फोनवर जागा आहे."

बँकेतली बाई अतिशय सभ्य होती. "होऊन जाईल," ती म्हणाली. "फक्त ओळखपत्र द्या."

मायकेनने सिक्स्टेनकडे पाहिले. सिक्स्टेनने भिंतीवरच्या चित्राकडे पाहिले.

"लायसन्स कुठाय तुझं?"

"घरी असेल. कपाटात कुठेतरी."

"तू सकाळी म्हणालास, बरोबर घेतलंय!"

"वाटलं होतं घेतलंय."

"पासपोर्ट चालेल," बँकेतली बाई म्हणाली. सिक्स्टेनचा पासपोर्ट मायकेनने आपल्या शिस्तीप्रमाणे बरोबर आणला होता. त्याची मुदत जानेवारीत संपली होती.

"मी सांगते ना हा कोण आहे ते," मायकेन काउंटरवर वाकून म्हणाली. "छत्तीस वर्षं झाली लग्नाला. हा सिक्स्टेनच आहे. असला दुसरा कोण असणार?"

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," बाई कळवळून म्हणाली, "पण सिस्टीमचा नाही ना."

घरी येऊन मायकेनने सगळी कपाटे उपसली. सिक्स्टेन दारात उभा राहून सांगत होता, तिथे बघ, वरच्या खणात बघ, आणि स्वतः एकही खण उघडत नव्हता. लायसन्स सापडले नाही. नवे ओळखपत्र पोलिसांकडे मिळते, त्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते. मायकेनने फोनवर पाहिले, सगळ्यांत जवळची वेळ सतरा मे.

"बघितलंस?" सिक्स्टेन येरझाऱ्या घालत म्हणाला. त्याचा आवाज चढला होता आणि त्यात दुःखापेक्षा उत्साह जास्त होता. "एका फोनशिवाय माणूस माणूसच राहत नाही! ही गोष्ट मला व्याख्यानात घ्यायला हवी." वाचनालयाने त्याचे व्याख्यान मे महिन्यात ठेवले होते. विषय होता, फोनशिवाय पूर्ण आयुष्य.

शुक्रवारी बारा वाजता मायकेन शाळेत बटाटे गाळत होती. मोठ्या घड्याळाचा काटा पुढे सरकला आणि अकरा वर्षे संपली. तिला रडू आले नाही. राग आला, इतका, की हातातला झारा तिने टबात आपटला आणि शेजारच्या बाईने दचकून विचारले, काय झालं? "काही नाही," मायकेन म्हणाली. "वाफ आली अंगावर."

घरी अडतीस रोपे वीतभर वाढली होती. ती खिडक्यांत मावत नव्हती, म्हणून जेवणाच्या टेबलावर आली होती. सिक्स्टेन जेवताना पाने बाजूला सारून तिच्याशी बोलत असे. एकदा म्हणाला, "हे कमी करायला हवं गं आता." त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही, पण त्याच्या ते लक्षात आले नाही, कारण बोलत तोच होता.

एप्रिलच्या अखेरीस एका संध्याकाळी, सिक्स्टेन गाण्याच्या तालमीला गेलेला असताना, बॉर्ये आला. बॉर्ये म्हणजे साधा, जाडजूड, एकटा राहणारा माणूस. त्याच्या हातात पावांची पिशवी होती आणि चेहऱ्यावर अपराध.

"मायकेन, शपथेवर सांगतो, मला माहीत नव्हतं," तो दारातच म्हणाला. "मला निरोप आला, सत्तेचाळीस नंबर हवा का. मला वाटलं तुम्ही नको म्हणालात. मी आपली केली सही."

रांगेत सिक्स्टेनच्या खाली बॉर्येचेच नाव होते. मायकेनने त्याला आत घेतले, कॉफी ओतली. बॉर्येवर तिचा राग नव्हता. बॉर्येवर कुणाचाच राग नसे, तेवढे त्याच्यात काही नव्हतेच.

"काय लावणार तिथे?" तिने विचारले.

"लावायचं काय? खुर्ची टाकीन म्हणतो." त्याने कॉफीत पाव बुडवला. "तुझी रोपं घेऊन ये की. पण सीव म्हणते, दुसऱ्याला लावायला दिलेलं चालत नाही. आणि हे सगळं त्या लायसन्सपायी! मी त्याला त्याच दिवशी म्हटलं होतं, घरी खरं काय ते सांग. मायकेन काय खाणार आहे तुला?"

"खरं काय ते?"

बॉर्येचा पाव कॉफीत तुटला.

"बॉर्ये, खरं काय?"

"तुला अजून… अगं देवा." त्याने चमचा शोधला, चमच्याने पाव शोधला. मग एकदम बोलून टाकले. "फोन तळ्यात पडला गं त्याचा. मासा वर येत होता, चांगला मोठा, आणि ह्याला त्याचं शूटिंग घ्यायचं होतं. भोकावर वाकला आणि फोन गेला सुळकन. लायसन्स त्याच्याच कव्हरात. पालथा झोपला बर्फावर, खांद्यापर्यंत हात आत, आणि ओरडतोय, 'अरे पकड, पकड!' मी काय पकडणार? मासा पण गेला."

मायकेनला खुंटीवरची ओली बाही आठवली. "मग सांगितलं का नाही?"

"लाज वाटली. आणि वर्तमानपत्रात त्यानेच नाही का पत्र लिहिलं होतं, तळ्यात बॅटरी टाकणाऱ्यांना दंड करा म्हणून? परतीच्या वाटेवर तो गप्प गप्प होता. आणि मग एकदम म्हणाला, बॉर्ये, मी फोन सोडायचं ठरवलंय." बॉर्येने कप बाजूला सारला. "एक सांगू? खाली गेल्यावर तो वाजला. आवाज नाही आला, पण उजेड दिसला. पाण्यात खाली खाली जाणारा. तुझा फोन होता. फोटो दिसला मला तुझा."

"कॉफी टाकू का विचारायला केला होता," मायकेन म्हणाली. ती उठली, एका रोपाचे पिवळे पान तिने खुडले. "किती खोल आहे तिथे?"

"नऊ मीटर."

त्या रात्री सिक्स्टेन घरी आला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बॉर्ये येऊन गेला. पाव आणले होते." सिक्स्टेनने तिच्याकडे नीट पाहिले, काही विचारावे असे त्याला वाटले असावे. पण त्याने पाव घेतला आणि विचारले, "व्याख्यानाची चित्रं तुझ्या फोनवर तयार आहेत ना?"

व्याख्यानाला चाळीस माणसे जमली. मे महिन्याची लख्ख संध्याकाळ होती. पुढच्या रांगांत गायक मंडळ, मागे त्यांच्या बायका, प्रत्येकीच्या मांडीवर पर्स आणि पर्समध्ये काहीतरी वाजणारे. वर्तमानपत्राची मुलगीही आली होती. चित्रे मायकेनच्या फोनमधून मोठ्या पडद्यावर दिसत होती. सिक्स्टेन पक्षी बघताना, सिक्स्टेन लाकूड तासताना, सिक्स्टेन बसच्या खिडकीत. सगळी तिनेच काढलेली. तो बोट वर करी आणि ती पुढचे चित्र लावी.

सिक्स्टेन छान बोलला, हे तिलाही मान्य करावे लागले. बर्फ, शांतता, हातातला फोन, मनातला प्रश्न. "आणि मी शांतपणे उठलो," तो म्हणाला, "चालत गेलो आणि तो त्या पेटीत टाकला. मागे वळून पाहिलं नाही." बागेची गोष्टही त्याने सांगितली. समाज कसा एका साध्या माणसाची बाग हिरावतो, ते ऐकून पुढच्या रांगेतल्या एकाने डोळे पुसले. बाग कुणाची होती, ते त्यात आले नाही.

"प्रश्न?" ग्रंथपालबाईंनी विचारले.

मायकेनने हात वर केला. लोक कौतुकाने हसले.

"पाणी किती खोल होतं?" तिने विचारले.

सभागृहात बॉर्ये खोकला. सिक्स्टेनचा रंग उडाला. त्याने तिच्याकडे पाहिले आणि तिला सगळे ठाऊक आहे, हे त्याला कळले. ती थांबली. तिला खरोखर वाटत होते, की आता तो बोलेल. एवढे एक खरे बोलला असता, तर ती त्याला घरी घेऊन गेली असती, चहा केला असता, आणि बहुधा सगळे गिळूनही टाकले असते. आजवर गिळलेच होते.

सिक्स्टेनने खोल श्वास घेतला. "पाणी," तो सावकाश म्हणाला, "बर्फाखाली किती खोल आहे, ते माणसाला कधीच कळत नाही. तसंच मनाचं. वरचा बर्फ फोडायची हिंमत हवी."

टाळ्या वाजल्या. वर्तमानपत्राच्या मुलीने ते वाक्य लिहून घेतले.

मायकेन उठली. पडद्याची वायर तिने फोनमधून काढली, तसा पडद्यावरचा सिक्स्टेन नाहीसा झाला. ती पुढे गेली आणि फोन त्याच्यासमोर टेबलावर ठेवला.

"पटलं मला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. "माझी गती जरा कमी होती. पण आज सुटले. हा घे, मीसुद्धा सोडला."

आता टाळ्या थांबेनात. ग्रंथपालबाईंनी तिला मिठी मारली. मागच्या रांगेत एक बाई उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि दुसरी आपली पर्स उघडून विचारात पडली होती. "जरा दोघं जवळ या," वर्तमानपत्राची मुलगी म्हणाली, "तुम्ही मध्ये. आणि काका, तो फोन हातात धरा." सिक्स्टेनने तो धरला. तो वाजला. गायक मंडळाचा निरोप होता, 'थर्मास कुणाकडे आहे?'

बसथांब्यावर सिक्स्टेन खालच्या आवाजात म्हणाला, "झालं समाधान? चल, दे तिकिटं काढून."

"फोन तुझ्याकडे आहे."

"कोड काय ह्याचा?"

"तारीख आहे," मायकेन म्हणाली. "बागेच्या रांगेत नाव घातलं ती. आधी दिवस, मग महिना."

सिक्स्टेनचे बोट स्क्रीनवर थबकले. "मे होता ना? मे… कितवी गं?"

"लिहिली तूच होतीस. अक्षर चांगलं म्हणून."

त्याने एक आकडा टाकून पाहिला. फोन थरथरला. त्याने दुसरा टाकला. "मायकेन, हा पोरखेळ झाला. उद्या कपड्यांची पाळी आहे. माझ्या गोळ्या आहेत. आणि समज, मंडळाकडून पुन्हा बागेचं काही आलं तर? कुणी सोडली जागा तर?"

"आज सकाळी मी माझ्या नावाने अर्ज घातला," ती म्हणाली. "त्या फोनवर माझ्यासाठी केलेलं शेवटचं काम. नंबर तीनशे बारा. अकरा वर्षं तरी काही येत नाही."

बस आली, दार उघडले, चालकाने दोघांकडे पाहिले. सिक्स्टेनने फोन वर धरला आणि खाली घेतला. मायकेन बसच्या पुढून रस्ता ओलांडून चालू लागली. घर चार किलोमीटर होते आणि वाट बागांच्या टेकडीवरून जात होती. घरी अडतीस रोपे होती, ती उद्या शाळेत नेऊन ज्याला हवी त्याला द्यायची, असे तिने ठरवले. सत्तेचाळीस नंबरात बॉर्येने टाकलेली खुर्ची कुंपणाबाहेरून दिसत होती. वाफ्यांत काही नव्हते.

मागे लांबवर, तिकिटाशिवाय चालत येणाऱ्या सिक्स्टेनच्या हातात फोन वाजू लागला. सवयीने तिचा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता. फोन वाजतच राहिला, आणि सिक्स्टेन हाका मारून विचारत होता, की तारीख कितवी होती.